बाग ताणावर, लेक साप्पोरोत: जानेवारीत तीन हवामानांचा प्रवास कसा आखू?

ताणावरची_बाग (मोर्शी तालुका)

राम राम मंडळी. प्रश्न लांब आहे. पण अर्धवट सांगितलं तर उत्तरंही अर्धवट येतील, म्हणून सगळंच लिहितो.

सातपुड्याच्या पायथ्याशी माझी साडेचार एकर संत्र्याची बाग आहे. आंबिया बहार घेतो. बाजूला तीन एकर कपाशी, त्यात तुरीचे तास. लेक बी.एस्सी. नर्सिंग झाली, जपानी भाषेची परीक्षा दिली आणि दोन वर्षांपासून साप्पोरोला वृद्धांच्या सेवागृहात काम करते. दोन दिवाळ्या तिच्याशिवाय गेल्या. यंदा तीच म्हणाली, बाबा, तुम्हीच सगळे या. नवीन वर्षाच्या सुट्टीत तिथल्या सहकाऱ्यांना घरी जायचं असतं, तेव्हाची ड्यूटी ती करणार आणि त्याबदल्यात तिला ७ ते १८ जानेवारी रजा मिळणार आहे.

शेतकऱ्याला हिवाळ्यात सुट्टी कुठली, असं कोणी म्हणेल. पण आंबियाच्या बागायतदाराला ती मिळते. डिसेंबरात बाग ताणावर सोडायची, म्हणजे पाणी तोडायचं. झाड पिवळं पडतं, थोडी पानं गाळतं, आणि जानेवारीच्या उत्तरार्धात पाणी मिळालं की फुलावर येतं. बाग मालकाला वर्षभरात मोकळं सोडते ती याच दिवसांत. माझी जमीन भारी आहे, पंचेचाळीस दिवस तरी ताण लागतो. ५ डिसेंबरला पाणी तोडलं तर २० जानेवारीच्या सुमारास आंबवणीचं, म्हणजे ताण तोडायचं पहिलं हलकं पाणी द्यायला मी बांधावर पाहिजे. म्हणून ५ जानेवारीला निघायचं आणि १९ ला घरी पोचायचं. यात मागंपुढं करता येणार नाही, कारण बहार गेला तर वर्ष गेलं.

जाणार तिघं: मी, बायको आणि माझी माय. मायचं वय बहात्तर, माळकरी आहे, नऊवारी लुगडं नेसते, रक्तदाबाची गोळी चालू आहे, डावा गुडघा दुखतो. पंढरपूरच्या पुढं ती कधी गेलेली नाही. पहिल्यांदा सांगितलं तेव्हा म्हणाली, "मले काहून नेता बाप्पा, दोन तिकिटाचे पैसे वाचवा." मग रात्री स्वतःच उठून आली आणि विचारलं, "तिथं पोट्टी एकटी झोपते का रे?" त्या दिवसापासून ती तयारीला लागली आहे.

लेकीच्या मनात आहे की एवढ्या लांब येताच आहात तर नुसती तिची खोली पाहून परत जाऊ नका. जपान उत्तर-दक्षिण लांब देश आहे. जानेवारीत साप्पोरोत बर्फ असतं, टोकियोत कोरडी थंडी, आणि खाली ओकिनावात ऊस तोडतात. हे तिन्ही आजीला दाखवायचं असं तिनं ठरवलं आहे. मी केलेला आराखडा असा: आधी ओकिनावा, कारण तिथलं हवामान आपल्याजवळचं. मग टोकियो. शेवटी साप्पोरो. अंगाला हळूहळू थंडीची सवय होईल असा माझा हिशोब. मायलाही हाच क्रम पटला, पण तिचं कारण वेगळं आहे. ती म्हणते, "लेकीले तिच्या घरी सोडून मंग निघावं. रस्त्यात सोडून येऊ नये."

आता अडचणी. आमच्याकडं जानेवारीत पहाटे १० अंश, लाट आली की ७-८, पण दुपारी २८. साप्पोरोत दुपारीसुद्धा शून्य असतं म्हणतात. लुगड्यावर माय तिथं कशी वावरेल? तिला पँट घाल म्हणायची माझी हिंमत नाही, आणि इच्छाही नाही. तीन हवामानांचे कपडे तीन माणसांसाठी किती न्यायचे? बायको नववी शिकलेली, तिच्या पासपोर्टवर इमिग्रेशन चेकचा शिक्का आला आहे. तालुक्याच्या ठिकाणचा एक एजंट म्हणतो, हिला विमानतळावर अडवतील, आणि 'काम करून देतो' म्हणून वेगळे पैसे मागतो. मी आयकर विवरण भरत नाही, शेतीशिवाय उत्पन्न नाही, मग व्हिसाला काय दाखवू?

आणि शेवटचं. लेकीनं फक्त एक वस्तू मागितली आहे: आपल्या बागेतली दहा संत्री. आंबियाचा तोडा डिसेंबरात संपतो, पण मायनं घरामागच्या झाडावरची राखून ठेवायचं ठरवलं आहे. ती नेता येतील का?

योकोहामाकर

दादा, मी मूळचा पुसदकडचा, अकरा वर्षांपासून इकडं आहे. तुमचा आराखडा चांगला आहे, पण क्रम बदला. टोकियो, मग साप्पोरो, मग ओकिनावा. साप्पोरो शेवटी ठेवू नका.

हे थंडीमुळं म्हणत नाही, विमानामुळं म्हणतो. हिवाळ्यात सायबेरियाकडून गार, कोरडं वारं सुटतं. जपानच्या समुद्रावरून येताना ते वाफ उचलतं आणि साप्पोरोच्या होक्काइदो बेटावर, पश्चिम किनाऱ्यावर बर्फ करून टाकतं. साप्पोरोत एका हिवाळ्यात सगळं मिळून पावणेपाच मीटरच्या आसपास बर्फ पडतं. शहर त्याला सरावलेलं आहे, रात्री यंत्रं फिरून रस्ते मोकळे करतात. तरी एखाद्या दिवशी सगळ्यांचेच हात टेकतात. फेब्रुवारी २०२२ मध्ये इतकं पडलं की विमानतळाला जाणारी रेल्वे काही दिवस बंद होती. तुमच्या क्रमात साप्पोरो सोडलं की दुसऱ्या दिवशी भारताचं विमान. ते चुकलं तर तुमची आंबवणी चुकली. साप्पोरो मधे असेल तर एक दिवस अडकलात तरी ओकिनावातला एक दिवस कमी होईल, बाग नाही बिघडणार.

तेच वारं डोंगर ओलांडून टोकियोच्या बाजूला उतरतं तेव्हा त्यात ओल उरत नाही. म्हणून जानेवारीत टोकियोत आकाश निळं, दुपारी १० अंश, पहाटे १. आईंना ही थंडी ओळखीची वाटेल, लाटेतल्या आपल्या पहाटेसारखी; फक्त दुपारी तापत नाही. ओठ आणि टाचा फुटतात, व्हॅसलिन हाताशी ठेवा. दोन दिवसांत शरीराला थंडीची सवय होत नसते, त्या हिशोबावर विसंबू नका. पण कोणता कपडा कशावर घालायचा, बूट कुठं काढायचे, हे टोकियोत हाताला वळण लागतं. मग साप्पोरो सोपं जातं.

साप्पोरोत दुपारी शून्याच्या आसपास, रात्री उणे ६-७. पण घरात, दुकानात, रेल्वेत हीटर इतका असतो की घाम येतो. त्यामुळं एक जाडजूड स्वेटर घालून फिरणं चुकीचं. आत अंगाला चिकटून बसणारं पातळ थर्मल, त्यावर लोकरीचं किंवा फ्लीसचं काहीतरी, वर वारा अडवणारं लांब जॅकेट. आत शिरलं की वरचं काढायचं. हाच तळ तिन्ही ठिकाणी चालतो: साप्पोरोत तिन्ही थर, टोकियोत थर्मल सोडून दोन, ओकिनावात मधला एकटा. तिघांना मिळून दोन मोठ्या बॅगा पुरतात.

तिथं थंडीपेक्षा पडण्याची भीती मोठी. बर्फ तुडवून तुडवून काचेसारखं होतं. बुटाच्या तळाला लावायचे काटेरी पट्टे तिथल्या दुकानात मिळतात, पहिल्याच दिवशी घ्या. चौकात वाळूच्या पेट्या ठेवलेल्या असतात, लोक स्वतः वाळू टाकत चालतात. पावलं आखूड टाकायची, पाय सपाट ठेवायचा. आईंचा गुडघा पाहता त्यांना साप्पोरो स्टेशनपासून ओदोरी बागेपर्यंत जमिनीखालच्या रस्त्यानं न्या. अर्धा किलोमीटर ऊबदार, सपाट, बसायला जागा, वर बर्फ पडताना दिसतं. आणि लक्षात ठेवा, तिथं सव्वाचारच्या सुमारास दिवस मावळतो. ओकिनावात मावळायला सहा वाजतात. म्हणजे साप्पोरोत सकाळी लवकर बाहेर पडायचं, संध्याकाळी लेकीच्या खोलीवर.

जपानी लोक सामान हातात घेऊन हिंडत नाहीत, ताकुहाइबिन नावाच्या सेवेनं पुढच्या मुक्कामी पाठवतात. बॅग दुसऱ्या दिवशी पोचते, लांबच्या बेटाला जास्त दिवस लागतात. म्हणून टोकियोहून ओकिनावाची बॅग पाठवू नका. उलट मोठी बॅग टोकियोच्या मुक्कामीच ठेवायला सांगा, बहुतेक हॉटेलं ठेवतात.

रेल्वेचा पास घेऊ नका. ऑक्टोबर २०२३ मध्येच सात दिवसांचा पास ५०,००० येन झाला, आणि तुमच्या प्रवासात तो कामाचाच नाही. बुलेट ट्रेन होक्काइदोत हाकोदाते शहराजवळच थांबते, पुढं साप्पोरोपर्यंत साध्या एक्सप्रेसचे साडेतीन तास. ओकिनावाला तर रेल्वे जातच नाही. टोकियोच्या हानेदाहून साप्पोरो दीड तास, ओकिनावाचं नाहा अडीच-तीन तास, विमानंच घ्या. फक्त जानेवारीचा दुसरा सोमवार इकडं सार्वजनिक सुट्टी असते, त्याला जोडून शनिवार-रविवार महाग पडतो.

भारतातून निघताना दिल्ली टाळा. डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारीभर तिथं पहाटेचं धुकं असतं, नागपूरचं विमान उशिरा पोचलं की पुढचं हातचं जातं. मुंबईहून या. मुंबईहून टोकियोच्या नारिता विमानतळाला थेट विमान आहे. येताना लवकर पोचता, जाताना वरच्या उलट्या वाऱ्यामुळं दीड-दोन तास जास्त लागतात, तेवढा वेळ धरून नागपूरचं तिकीट काढा.

सेतूकेंद्र_दारव्हा

भाऊ, त्या एजंटाला एक रुपया देऊ नका. तो शिक्का नोकरीसाठी जाणाऱ्यांचा आहे. ठरावीक अठरा देशांत कामाला जायचं असेल तर परवानगी लागते, आणि त्या अठरांत जपान नाही. फिरायला, लेकीला भेटायला जाणाऱ्या वहिनींना त्याचा काही संबंध नाही. परतीचं तिकीट आणि व्हिसा हातात ठेवा. आईंना पन्नासच्या वर वय असल्यानं तो शिक्का लागलाच नसेल.

व्हिसाचं. शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही, म्हणून विवरण नाही, हे एका साध्या पत्रात लिहा. सोबत सातबारा आणि आठ अ, बाजार समितीच्या किंवा व्यापाऱ्याच्या हिशोबपट्ट्या, सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट. स्टेटमेंटमध्ये शेवटच्या आठवड्यात एकदम मोठी रक्कम भरू नका, संत्र्याचे पैसे जसे आले तसे खात्यात दिसू द्या. लेकीकडून बोलावण्याचं पत्र, तिचा रहिवासाचा दाखला, नोकरीचा दाखला. खर्च ती करणार असेल तर हमीपत्र आणि उत्पन्नाचा दाखला. नातं सिद्ध करायला तिचा जन्मदाखला आणि तुमच्या पासपोर्टमधली नावं अक्षर-अक्षर जुळतात का ते आजच पाहा. आपल्याकडं सगळ्यात जास्त कामं तिथंच अडकतात. सातबाऱ्यावर एक नाव, आधारवर दुसरं. नोव्हेंबरच्या सुरुवातीला अर्ज गेला पाहिजे.

सिस्टर_अकोला

काका, मी वीस वर्षं वॉर्डात आहे, आजींबद्दल लिहिते.

थंडीत रक्तवाहिन्या आवळतात आणि रक्तदाब वाढतो. म्हणून जाण्याआधी डॉक्टरांना दाखवा, तिथं किती अंश असेल ते आकड्यात सांगा, गोळी बदलायची का ते त्यांना ठरवू द्या. गोळ्या मूळ पाकिटात, चिठ्ठी इंग्रजीत, आणि हातातल्या बॅगेत. जपानात स्वतःपुरती एक महिन्याची औषधं चालतात, त्यापेक्षा जास्त न्यायची तर आधी परवानगी काढावी लागते. आपण खोकल्याला सहज घेतो त्यातली काही औषधं तिथं बंद किंवा मर्यादित आहेत: कोडीनची खोकल्याची बाटली, स्यूडोएफेड्रिनच्या सर्दीच्या गोळ्या. मेडिकलवाल्याला घटक वाचायला लावा. शंका असेल ते घरी ठेवा.

विमानात आजी पाणी प्यायच्या नाहीत, कारण उठावं लागतं. हे मी माझ्या आईच्या बाबतीत पाहिलं आहे. त्यांना कडेची जागा घ्या, दर दीड-दोन तासांनी उठवून चालवा, घोटघोट पाणी द्या. विमानतळावर चाकाची खुर्ची तिकीट काढतानाच मागून ठेवा, त्याचे वेगळे पैसे लागत नाहीत.

आणि गरम पाण्याच्या झऱ्यांचं आमिष कोणी दाखवेल. तिथं उघड्यानं उतरायची पद्धत आहे, शिवाय फार गरम पाण्यातून एकदम थंडीत येणं रक्तदाबाच्या म्हाताऱ्या माणसाला धोक्याचं. त्यापेक्षा पाय बुडवून बसायची कुंडं असतात, ती शोधा.

योकोहामाकर

सिस्टरताईंचं बरोबर आहे. साप्पोरोपासून बसनं तासाभरावर जोझानकेई नावाचं गरम झऱ्यांचं गाव आहे, तिथं रस्त्याकडेला पाय बुडवायची कुंडं आहेत. लुगडं घोट्याच्या वर धरून आई निवांत बसतील, भोवती सगळं पांढरं. टॉवेल मात्र स्वतःचा न्या.

आर्वीची_सून

दादा, मी टोकियोशेजारी चिबाला राहते. आमच्या सासूबाईही नऊवारीतल्या, वय सत्तर. मागच्या फेब्रुवारीत त्या आल्या होत्या आणि आम्ही बर्फातही गेलो. त्यांनी लुगडं सोडलं नाही.

असं केलं: आत थर्मल पायजमा, त्यावर लोकरीचा घट्ट लेगिन, त्यावर काष्टा. नऊवारीला काष्टा असल्यानं पाचवारीपेक्षा उलट सोपं जातं, निऱ्या पायात येत नाहीत. लुगडं सुती नको, सुती भिजलं की वाळत नाही आणि अंगाला गार लागतं. सिंथेटिक घ्या, दोन इंच वर नेसवा. वर पोटऱ्यांपर्यंत येणारं पिसांचं लांब जॅकेट. बूट बाजूला चेन असलेले, कारण इकडं घरात, काही हॉटेलांत बूट काढावे लागतात आणि गुडघेदुखीत वाकवत नाही. लांब दांड्याचं शूहॉर्न दारात असतं, ते आईंना दाखवून ठेवा. बूट एक नंबर मोठे, आत लोकरीचे मोजे. पदर डोक्यावर असला तरी कान उघडे राहतात, आतून लोकरीची टोपी हवीच. मुलीच्या सहकाऱ्यांकडून जॅकेट-बूट उसने मिळतात का विचारा, तिकडं प्रत्येक घरात जुना जोड असतो. ओकिनावाला निघताना परत करून टाका.

सासूबाईंच्या खिशात मी कायरो ठेवायची. उघडलं की तापणारी छोटी पुडी, कुठल्याही दुकानात मिळते. कपड्यावर चिकटवायची, थेट कातडीवर नाही, भाजतं.

माळकरी माणसाला जेवणाची अडचण येईल, हे आधीच मनाशी धरा. भाजीच्या सुपात, सोब्याच्या (तिथल्या शेवयांच्या) रश्श्यात, मिसो सूपमध्ये 'दाशी' नावाचं चवीचं सार असतं आणि ते बहुधा वाळवलेल्या माशाचं. 'मांस नको' सांगितलं तर दुकानदार ते काढतो, दाशी काढत नाही, कारण त्याच्या लेखी तो मासा नाही, चव आहे. मुलीला जपानी कागदावर लिहायला सांगा: मासा नको, माशाचं दाशीही नको. मुक्काम असा घ्या की खोलीत शेगडी आणि भांडी असतील. ज्वारीचं पीठ, बेसन, मेतकूट, तिखट न्या. भात सगळीकडे आहे, दही मिळतं, बटाटा तर होक्काइदोचा प्रसिद्धच. एकादशीची काळजी करू नका: हिवाळ्यात इकडं सुपरमार्केटच्या दाराशी भाजलेली रताळी विकायला असतात, गरम, मधासारखी गोड. सासूबाईंनी तर एकादशी नसतानाही रोज खाल्ली.

विजेचं विसरू नका. इकडं १०० व्होल्ट आहे आणि दोन चपट्या पिना. मोबाईलचा चार्जर चालतो, आपली पाणी तापवायची रॉड आणू नका.

वरूडचा_बागवान

राजेहो, मी तं संत्र्याचंच सांगतो. भाऊ, ताजं संत्रं नेऊ नका. एकबी नाई. आपल्याकडून ताजी संत्री तिकडं चालत नाईत, त्याचं कारण फळमाशी. घेतीन काढून अन् म्हातारी डोळ्यात पाणी आणीन. कच्ची दाळ, बियाणं, हेबी सरकारी दाखल्याशिवाय नाई चालत.

पण ह्या कारणाचा राग धरू नका, ते लोक ह्यासाठी लय खपले. तुम्ही ज्या ओकिनावात चालले, तिथंबी हीच फळमाशी होती. आपण मिथाइल युजेनॉलचे सापळे लावतो नं, नर माशा मारायले? त्याईनं तेच केलं, पण एका बागेत नाई, बेटंच्या बेटं. नरच राह्यला नाई तं माशी वाढते कशी? १९८६ पर्यंत त्याईच्या पूर्ण देशातून ती गेली. मंग काकडी-कारल्यावरची दुसरी माशी होती, तिच्यासाठी कारखान्यात माशा वाढवून, त्या वांझ करून, आभाळातून सोडल्या. १९९३ ले तीबी संपली. आपण चार सापळे लावतो अन् शेजारचा लावत नाई, म्हणून आपली माशी जात नाई. मी हे कृषी सहायकाले दहा डाव सांगून चुकलो.

ओकिनावाच्या उत्तरेकडं, मोतोबू-नागोकडं संत्र्याच्या बागा हायेत. जानेवारीत तिथं तानकान नावाचं फळ निघते, आपल्यासारखंच सोलून खाचं. डोंगरउतारावरच्या बागा. ते पाहूनच येजा. झाडाची छाटणी कशी केली, खोडाले काय लावलं, डिंक्या (खोडातून डिंक गळते तो रोग) दिसते का, फोटो काढून आणजा. येताना रोपटं, डोळा, काडी काहीच आणू नका. ग्रीनिंग रोग तिथंबी हाय, आपल्याकडंबी हाय, उगाच घरात आग नाई आणावं. कच्ची रताळीबी त्या बेटावरून बाहेर नेऊ देत नाईत, किडीपायी.

आता बागेचं. तुमची भारी जमीन हाय तं पंचेचाळीस दिवसात ताण बसीनच असं नाई. डिसेंबरात अवकाळी आला तं सगळा हिशोब पुढं सरकते. झाड पाहून पाणी सोडायचं, तारीख पाहून नाई. तुम्ही १९ ले पोचले अन् २४ ले पाणी देलं तरी काही बिघडत नाई. त्याच्यानं एवढं मनावर घेऊ नका. अन् मागं राहणाऱ्याले एकच काम सांगून ठेवजा: रोज एक चक्कर मारून पानं पाह्यची अन् तुम्हाले फोटो टाकायचा. पन्नास टक्के पानं गळाची वाट पाह्यली तं झाड मरगळते. तसं दिसलं तं तुम्ही जपानातून सांगा, तो पहिलं पाणी हलकं देईन. आंबवणी कोणीबी देऊ शकते. चिंबवणीले, म्हणजे त्याच्यामागच्या भरपूर पाण्याले, तुम्ही राहा.

ताणावरची_बाग

सगळ्यांची उत्तरं कालच्या रात्री घरात मोठ्यानं वाचली. बायकोनं शिक्क्याची गोष्ट दोनदा वाचायला लावली. एजंटाला आज नाही म्हणून आलो.

क्रम बदलला. ५ ला नागपूर-मुंबई, ६ ला टोकियो. ८ ते १२ साप्पोरो, १३ ते १६ ओकिनावा, १७ ला टोकियोत परत, १८ ला विमान, १९ ला घर. संक्रांत ओकिनावात येते. लेक म्हणते तिथं उसाचा काळा गूळ प्रसिद्ध आहे, तर तीळ भाजून घरूनच नेऊ आणि लाडू तिथल्या गुळाचे वळू. बायको आता तिळाच्या प्रमाणावर विचार करते आहे, परका गूळ कसा पाक धरेल म्हणून.

मायला क्रम बदलल्याचं सांगणं अवघड गेलं. लेकीला विमानतळावर सोडून यायचं, ती एकटी परत बर्फात जाणार, हे तिला पटेना. बागवान भाऊंचं सगळं तिला समजावून सांगितलं, आंबवणीचंही. ती गप्प राहिली. सकाळी चहाला म्हणाली, "मंग पह्यले तिच्या खोलीत जाऊ. चार दिवस तिथंच राहू. तिची खोली मी झाडून-पुसून, डबे भरून ठेवतो, मंग ती परत गेली तं घर भरलेलं भेटीन." साप्पोरोतले चारही दिवस आता असेच ठेवले आहेत. जोझानकेईचा एक दिवस, बाकी लेकीच्या खोलीवर. टोकियोत पाहायच्या म्हणून लिहून ठेवलेल्या सात जागांपैकी पाच काढून टाकल्या.

नऊवारीचं वाचून माय बराच वेळ आर्वीच्या ताईंबद्दल विचारत होती. त्यांच्या सासूबाई कोणत्या गावच्या, बर्फात किती वेळ उभ्या राहिल्या, त्यांना शिंका आल्या का. थर्मल पायजमा अमरावतीहून आणला आहे, काल तिनं तो आत घालून लुगडं नेसून अंगणात दोन फेऱ्या मारल्या. काष्टा नीट बसतो म्हणाली. जॅकेट आणि बूट लेक तिथं पाहते, मापं पाठवली.

बागवान भाऊ, साळा राहायला येणार आहे. त्याला झाडांचं कळतं, फक्त रात्रपाळीच्या लाईनवर त्याचा भरवसा नव्हता; मी म्हटलं या पंधरा दिवसांत मोटार चालूच करायची नाही, तू फक्त पानं पाहा. घरामागचं, धुऱ्यावरचं आणि विहिरीजवळचं अशी तीन झाडं ठरवून दिली, तीन वेगळ्या मातीतली. रोज त्यांचेच फोटो.

आता एक विचारायचं राहिलं. राखलेली संत्री नेता येत नाहीत म्हटल्यावर मायनं त्यांचा मुरंबा करायचं काढलं आहे. साल किसून, साखरेत पूर्ण शिजवून, बाटलीत. हा शिजवलेला मुरंबा चालतो ना? आणि बाटली कशात गुंडाळू?

आर्वीची_सून

साखरेत पूर्ण शिजवलेलं फळ चालतं, मी दरवर्षी आणते. उतरल्यावर कस्टमच्या फॉर्मवर अन्नपदार्थ असल्याचं खरं लिहा, विचारलं तर बाटली दाखवा. हातातल्या बॅगेत ठेवू नका, मुरंबा पातळ पदार्थात धरतात आणि १०० मिलीच्या वर सुरक्षा तपासणीत काढून घेतात. काचेऐवजी प्लास्टिकची रुंद तोंडाची बरणी घ्या, झाकणाखाली प्लास्टिकचा तुकडा लावून घट्ट फिरवा, दोन पिशव्यांत बांधा आणि मधोमध ठेवा, भोवती आईंची लुगडी. बरणी गळ्यापर्यंत भरू नका.

ताणावरची_बाग

मायला सांगितलं. दोन बरण्या करणार म्हणते, एक लेकीची आणि एक तिच्या सेवागृहातल्या आजींसाठी. संत्री २० डिसेंबरला तोडू.